नागपाडा ते गोवंडी : संस्थेच्या क्षेत्रकार्याची वाटचाल

टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा, म्हणजे टिसचा, इतिहास सांगताना बहुतेक जण टाटांपासून सुरुवात करतात. ते रास्तच आहे. सर दोराबजी टाटा ट्रस्टचा पैसा आणि विश्वस्तांची दूरदृष्टी नसती तर संस्था उभीच राहिली नसती. पण संस्थेचा स्वभाव कसा घडला हे समजून घ्यायचे, तर तिचे देवनारचे झाडीने भरलेले आवार सोडून भायखळ्याशेजारच्या नागपाड्यात जावे लागते. जून १९३६ मध्ये ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले ते तिथे, ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ या वस्ती-केंद्राच्या वास्तूत. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी होते. वर्गाच्या खिडकीबाहेर वस्ती होती आणि त्या वस्तीतली पोरे त्याच इमारतीत खेळायला, वाचायला येत होती.

ही वस्ती कशी होती, ते सांगायला हवे. नागपाडा, मदनपुरा, आग्रीपाडा, कामाठीपुरा हा सगळा पट्टा म्हणजे मुंबईतल्या अल्पसंख्याकांचे दाट मोहल्ले. उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर, मराठी बोलणारे बेने इस्रायली, बगदादहून आलेले यहुदी, ख्रिस्ती, पारशी आणि तेलुगू कामाठी असे सारे तिथे एकमेकांना लागून राहत. भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग आजही त्या काळाची साक्ष देते. गिरण्या, गोदी आणि लहान कारखान्यांत काम करणाऱ्या या लोकांची घरे एका खोलीची होती. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला की त्याला खोलीत जागा उरत नसे, मग तो रस्त्यावरच वाढे.

‘अमेरिकन मराठी मिशन’ने १९२६ साली या भागात काम करायचे ठरवले. मराठी वाचकांना ही संस्था नवी नाही. १८१३ पासून मुंबईत असलेल्या याच मिशनने १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू केले होते. याच कामातून नेबरहुड हाउस उभे राहिले आणि त्याची धुरा क्लिफर्ड मॅन्सहार्ट यांच्याकडे आली. ते शिकागोत शिकलेले होते, आणि शिकागो म्हणजे जेन अ‍ॅडम्स यांचे ‘हल हाउस’. १८८९ साली निघालेल्या त्या केंद्रातले कार्यकर्ते इटालियन, ज्यू, पोलिश स्थलांतरितांच्या वस्तीतच बिऱ्हाड करून राहत. शेजाऱ्यांचे मूळ देश आणि मजुरी यांची घरोघर नोंद घेऊन त्यांनी १८९५ साली वस्तीचे रंगीत नकाशे छापले. आधी शेजारी व्हायचे आणि मग प्रश्न विचारायचे, हा तिथला क्रम. मॅन्सहार्ट यांनी तोच क्रम नागपाड्यात आणला. व्यायामशाळा, वाचनालय, दवाखाना, प्रौढांचे वर्ग आणि व्याख्याने सुरू झाली. नागपाड्याच्या मुलांचे बास्केटबॉल पुढे देशभर गाजले, त्यामागे या भागातल्या अशाच केंद्रांची आणि मैदानांची पुण्याई आहे.

मॅन्सहार्ट मिशनरी होते, पण त्यांनी या घराला धर्मप्रसाराचे केंद्र होऊ दिले नाही. मुंबईत १९२९ साली आणि पुन्हा १९३२ साली हिंदू-मुस्लिम दंगली उसळल्या. आदल्या दिवशी एकत्र चेंडू टाकणारी मुले दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या गल्लीत पाय टाकायला धजत नाहीत, असे ते दिवस. शाळा सुरू झाली त्याच वर्षी, १९३६ साली, मॅन्सहार्ट यांचे हिंदू-मुस्लिम प्रश्नावरचे पुस्तक लंडनहून निघाले. पाठोपाठ त्यांनी संपादित केलेले ‘द चाइल्ड इन इंडिया’ १९३७ साली आणि ‘द डेलिंक्वंट चाइल्ड इन इंडिया’ १९३९ साली प्रसिद्ध झाले. देशातले पहिले बालमार्गदर्शन केंद्रही शाळेने १९३७ सालीच काढले. तरुण मुलांची वाढ, त्यांचे मन आणि त्यांच्या समाजाचे शहरातले स्थान यांचा एकत्र विचार करायची सवय संस्थेला या पहिल्या तीन-चार वर्षांतच लागली. माझ्या मते संस्थेच्या सगळ्या इतिहासात याहून मोलाची गोष्ट दुसरी नाही.

पुढची काही वर्षे भराभर सांगण्यासारखी आहेत. १९४० साली ‘इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क’ हे त्रैमासिक निघाले. १९४१ साली शाळेचे पहिले संचालक मॅन्सहार्ट मायदेशी परतले आणि त्यांच्या जागी जे. एम. कुमारप्पा संचालक झाले. १९४४ साली शाळेला ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ हे नाव मिळाले. फाळणीनंतर संस्थेचे पथक कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत जाऊन राबले. मध्ये काही काळ अंधेरीत काढून १९५४ साली संस्था देवनारला कायमची स्थिरावली, आणि १९६४ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

देवनारला आल्यावर एक गोष्ट मात्र बदलली. नागपाड्यात वस्ती खिडकीबाहेर होती. इथे भिंत आली, फाटक आले, आणि वस्तीत जायला बस धरावी लागू लागली. ज्या रचनेने हे अंतर पुरते तुटू दिले नाही ती रचना म्हणजे क्षेत्रकार्य. समाजकार्याच्या विद्यार्थ्याने आठवड्याचे दोन दिवस वर्गाबाहेर, एखाद्या वस्तीत, बालगृहात, रुग्णालयात किंवा तुरुंगात काढायचे. तिथे काय पाहिले, कोण काय म्हणाले, आपण काय उत्तर दिले, हे सगळे लिहून काढायचे. याला विद्यार्थी ‘रेकॉर्डिंग’ म्हणतात. ते वाचून पर्यवेक्षक समोर बसवून चर्चा करतात ती ‘आयसी’, म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. बाहेरच्याला हे सोपे वाटेल. पण बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला जेव्हा आयसीमध्ये विचारले जाते, ‘तो मुलगा गप्प बसला तेव्हा तुला काय वाटले, आणि तू लगेच पुढचा प्रश्न का विचारलास?’, तेव्हा तिला संशोधनपद्धतीच्या पुस्तकात न सापडणारे काहीतरी कळते. तरुणांच्या मनःस्वास्थ्याचा अभ्यास प्रश्नावलीतले रकाने भरून होत नाही, हे टिसच्या पिढ्यान्‌पिढ्या या कागदांवरच शिकल्या.

१९६२ ते १९८२ अशी वीस वर्षे संचालक असलेले माधव सदाशिव गोरे हे स्वतः याच संस्थेचे विद्यार्थी. समाजकार्याला समाजशास्त्राची बैठक देण्याचे श्रेय त्यांचे. त्यांच्या काळात सुमा चिटणीस यांनी शिक्षणाच्या समाजशास्त्राचा पाया संस्थेत घातला. पंधरा राज्यांतल्या अनुसूचित जातींच्या शाळकरी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची पाहणी करून त्यांनी सिद्ध केलेला ‘अ लाँग वे टु गो’ हा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात हा विषय अल्पसंख्याकांच्या विषयाशी थेट जोडलेला आहे, हे आपण विसरतो. कायद्याने अल्पसंख्याक ठरलेल्या समाजांत बहुतांशी अनुसूचित जातींतून आलेले बौद्धही आहेत, आणि देशातले तीन-चतुर्थांशाहून अधिक बौद्ध महाराष्ट्रात राहतात. चेंबूर, गोवंडी, घाटकोपरच्या ज्या वस्त्यांत टिसचे विद्यार्थी जातात तिथे बुद्धविहार आणि मदरसा यांच्यात कितीदा एका गल्लीचेच अंतर असते. दोन्हीकडची मुले एकाच नळावर रांग लावतात आणि नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना दोघांचाही हात सारखाच अडखळतो.

ऐंशीच्या दशकापासून संस्थेचा अभ्यास अधिक खडबडीत जमिनीवर उतरला. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८५ च्या आरंभी टिसने इतर समाजकार्य महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन सुमारे २५ हजार कुटुंबांची पाहणी केली. जुन्या भोपाळच्या गोरगरीब मोहल्ल्यांत, जिथे घरटी कुणी ना कुणी गेलेले, तिथे विशीतली मुले दारोदार फिरत होती. १९९० साली सनोबर साहनी यांच्या पुढाकाराने ‘प्रयास’ सुरू झाले आणि तुरुंगाच्या आत, तरुण बंद्यांमध्ये काम सुरू झाले. १९९६ साली जेरू बिलिमोरिया यांनी संस्थेचा क्षेत्रप्रकल्प म्हणून ‘चाइल्डलाइन’ ही मुलांसाठीची दूरध्वनी मदतसेवा उभी केली. १०९८ हा आकडा ‘दस नौ आठ’ म्हणून मुलांच्या तोंडी बसला. रस्त्यावर राहणाऱ्या मुलांना विचारून, त्यांना सोबत घेऊन ही सेवा घडत गेली, म्हणूनच ती टिकली आणि देशभर पसरली.

‘प्रयास’ आणि ‘चाइल्डलाइन’ यांच्या मध्ये १९९२-९३ ची मुंबईतली दंगल आहे. संस्थेचे विद्यार्थी आणि शिक्षक तेव्हा मदतकार्यात होते. त्या दोन महिन्यांनी मुंबईचा नकाशाच बदलला. मिश्र वस्त्यांतली मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याला गेली, गोवंडीला आली, मिरा रोडला गेली. संस्थेच्या दृष्टीने याचा अर्थ असा की ज्या समाजातल्या तरुणांमध्ये तिचा जन्म झाला होता, तो समाज आता तिच्या फाटकापासून दोन-तीन किलोमीटरवर, देवनारच्या कचराभूमीच्या पायथ्याशी मोठ्या संख्येने राहू लागला. तिथे आधीपासून महापालिकेने वसवलेले शिवाजीनगर होतेच. १९७६ च्या आणीबाणीत जनता कॉलनी उठवून वसवलेला चीता कॅम्पही जवळच होता.

हे शेजारपण संस्थेने पुरते ओळखायला मात्र वेळ लागला. विद्यार्थी या वस्त्यांत जात, प्रबंध लिहीत. तरी मुस्लिम तरुण हा स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून ठळक झाला तो देशातल्या मुस्लिमांच्या स्थितीवरच्या सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानंतर. त्या अहवालातला महाराष्ट्राचा एक आकडा विचार करायला लावणारा आहे. २००१ च्या जनगणनेत राज्यातल्या मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के होती, म्हणजे राज्याच्या ७६.९ टक्के या सरासरीपेक्षा जास्त. मग मुले मागे पडतात कुठे? याचे उत्तर गोवंडीत दारोदार मिळते. महापालिकेची उर्दू शाळा बहुतेक ठिकाणी सातवी-आठवीला संपते. पुढची शाळा लांब असते, तिथे फी असते आणि माध्यमही बदलते. मुलगी असेल तर वाटेतल्या छेडछाडीची भीती, मुलगा असेल तर शेजारी जरीचा कारखाना किंवा भंगाराचे गोदाम. ‘शिकायचे नव्हते’ असे सांगणारा मुलगा मला आजवरच्या एकाही प्रामाणिक रेकॉर्डिंगमध्ये भेटलेला नाही.

२००८ साली राज्य सरकारने राज्यातल्या मुस्लिमांच्या स्थितीच्या अभ्यासासाठी मेहमूद-उर-रहमान समिती नेमली आणि तिचा अहवाल २०१३ साली आला. या समितीसमोर ठेवलेल्या अभ्यासांत टिसच्या अभ्यासाचा समावेश होता. प्रा. अब्दुल शाबान यांचे मुंबईतल्या मुस्लिम वस्त्यांवरचे लेखन आणि २०१२ साली त्यांनी संपादित केलेला ‘लाइव्ह्ज ऑफ मुस्लिम्स इन इंडिया’ हा ग्रंथ याच वर्षांतला. ‘प्रयास’चे प्रा. विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी महाराष्ट्रातल्या तुरुंगांतल्या ३३९ मुस्लिम बंद्यांचा अभ्यास केला. त्यातले सुमारे दोन-तृतीयांश बंदी १८ ते ३० या वयाचे होते. ज्या वयात कॉलेजच्या कट्ट्यावर असायचे त्या वयात ही मुले तारखेची वाट पाहत होती. अनेकांना वकील नव्हता, आणि असलाच तर त्याच्याशी धड बोलणे झालेले नव्हते. या अभ्यासाने धर्म आणि गुन्हा यांच्याबद्दलच्या बाजारगप्पांना गरिबी, शिक्षण, बेकारी आणि कायदेशीर मदतीचा अभाव यांच्या भाषेत उत्तर दिले. या संस्थेकडून समाजाने अपेक्षा करावी ती अशाच कामाची.

अमृतमहोत्सवाच्या वेळी, २०११ साली, संस्थेने महापालिकेच्या एम पूर्व विभागाचा, म्हणजे गोवंडी-देवनार परिसराचा, प्रकल्प हाती घेतला आणि नागपाड्याचा धागा पुन्हा गवसला. मुंबईच्या मानव विकास अहवालात हा विभाग अगदी तळाला होता. त्याचा निर्देशांक होता ०.०५. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ८ लाखांवर होती आणि त्यातले बहुसंख्य लोक झोपडपट्टीत राहत होते. संस्थेचा स्वतःचा पत्ता याच विभागातला आहे. संचालक एस. परशुरामन यांच्या कारकिर्दीत सुरू झालेल्या आणि प्रा. अमिता भिडे यांनी धुरा वाहिलेल्या या कामात सगळ्या शाखांचे विद्यार्थी वस्त्यांत उतरले आणि वस्तीतलीच तरुण मुले-मुलीही सर्वेक्षणात सामील झाली.

या शेवटच्या गोष्टीवर मी थोडा थांबणार आहे. संशोधनात आजवर एक जण विचारणारा आणि एक जण विचारला जाणारा होता. विचारणारा बाहेरून येई, वही भरून निघून जाई. अल्पसंख्याक वस्तीत हे अधिकच अवघड होते. २००६ च्या रेल्वे-स्फोटांनंतर हातात कागद घेतलेला अनोळखी माणूस म्हणजे खबऱ्या, असे गोवंडी-मुंब्र्यातल्या तरुणांनी समजणे साहजिक होते. २०१९ च्या अखेरीस नागरिकत्वाचा प्रश्न पेटल्यावर अनेक ठिकाणी प्रगणकांना दारातच अडवले गेले, तेही त्याच भीतीपोटी. अशा काळात ‘तुम्हांला उदास वाटते का, झोप येते का’ हे प्रश्न एखादा मुलगा परक्यापुढे उलगडणार कसा? शेजारच्या गल्लीतली मुलगी विचारते तेव्हा प्रश्नच बदलतो. संडासाला रात्री जाताना कोण सोबत येते, ‘बटन’ (नशेची गोळी) कुठल्या कोपऱ्यावर मिळते आणि ते घेणारा मुलगा आधी कसा होता, पत्त्यात शिवाजीनगर लिहिले की बँकेतला माणूस ‘निगेटिव्ह एरिया’ म्हणून फॉर्म कसा परत करतो, हे प्रश्न बाहेरून आलेल्या प्रश्नावलीत सहसा नसतात. तरुणांचे क्षेमकुशल ज्याने ठरते त्या बहुतेक गोष्टी मात्र इथेच असतात.

या बाबतीत मुंबईतल्याच ‘पुकार’ या संस्थेने मोठी मजल मारली आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. अर्जुन अप्पादुराई यांनी स्थापन केलेल्या या संस्थेने २००५ पासून युवा फेलोशिप चालवली. त्यात वस्तीतल्या, कमी शिकलेल्या मुला-मुलींचे गट आपला विषय आपणच निवडून वर्षभर संशोधन करू लागले. ‘अनवाणी संशोधक’ हे त्यांचे नाव. संशोधन करणे हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे, असे अप्पादुराई यांनी २००६ साली लिहिले. टिसने याकडून शिकावे, आणि एम पूर्व विभागात सुरू झालेली वाट मध्येच सोडू नये.

विद्यार्थी-संशोधक कोण होऊ शकतो, हाही या इतिहासाचाच भाग आहे. सच्चर अहवालानंतर केंद्राने अल्पसंख्याक समाजांतल्या एम.फिल. आणि पीएच.डी. करणाऱ्यांसाठी २००९ साली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप सुरू केली होती. ती २०२२ साली बंद झाली. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास वर्गांतल्या शिष्यवृत्तीधारकांना वसतिगृह व भोजनाच्या शुल्कात मिळणारी सवलत काढल्याविरुद्ध फेब्रुवारी २०१८ मध्ये टिसच्या विद्यार्थ्यांनी संप केला आणि तो संस्थेच्या चारही आवारांत पसरला. संस्थेच्या स्मरणिकेत हे लिहू नये असे काहींना वाटेल. मला ते लिहिलेच पाहिजे असे वाटते. गोवंडीची मुलगी गोवंडीवर पीएच.डी. करते तेव्हा त्या ज्ञानाला जी धार येते ती दुसऱ्या कुणाच्या हातून येत नाही. तिला फाटकाच्या आत येता आले नाही, तर आपण पुन्हा बाहेरून पाहणारेच उरू.

एक उणीव राहिली आहे. सर दोराबजी टाटा स्मृती ग्रंथालयात आजवरच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध जपलेले आहेत आणि ते जवळजवळ सगळे इंग्रजीत आहेत. ज्या मुलांनी आपले मन उघडे केले, त्यांच्या हाती त्यातले पान क्वचितच पडले. शिवाजीनगरची, चीता कॅम्पची, मुंब्र्याची तरुण मुले हिंदी, उर्दू, मराठी वाचतात. आपल्याबद्दल काय लिहिले गेले ते वाचून ‘हे बरोबर, हे चुकीचे’ म्हणण्याचा अधिकार त्यांना आहे.

म्हणून ही स्मरणिका हाती घेणाऱ्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला आणि विद्यार्थिनीला विनंती आहे. आपला जुना प्रबंध काढा. त्याचा आठ-दहा पानांचा सारांश मराठीत किंवा उर्दूत, साध्या भाषेत लिहा. माणसांची नावे आणि ओळखी झाका. आणि ज्या वस्तीत तुम्ही क्षेत्रकार्य केले तिथल्या अभ्यासिकेत, वाचनालयात किंवा युवक मंडळात तो स्वतः नेऊन द्या. वेळ काढून तिथल्या मुलांबरोबर तो वाचा, आणि ती जे दुरुस्त करतील ते लिहून घेऊन ग्रंथालयात मूळ प्रबंधाशेजारी ठेवा.